माणूस जाईल, दप्तर गावातच राहिलं पाहिजे



हा अंक चार महिने उशिरा तुमच्या हाती पडतोय. कागद-शाईला पैसे नव्हते असं नाही. स्टेन्सिल कापणारा आणि यंत्र फिरवणारा आपला एकच पोरगा होता. तो उन्हाळ्यात हैदराबादेला कामाला गेला. शाई किती लावायची, स्टेन्सिल कशी ताणायची, हे त्याने कोणाला शिकवलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. तो गेला आणि यंत्रावर चादर पडली. शेवटी त्याला फोन लावून, एकेक गोष्ट विचारून आम्ही हा अंक काढला. पहिले पन्नास-साठ कागद काळे करून फेकले, मग कुठं अक्षर दिसायला लागलं.

पत्रक उशिरा निघालं म्हणून कोणाचं शेत जात नाही. पण हीच गोष्ट दाव्याच्या फाईलीत झाली तर शेत जातं. ती झाली आहे, म्हणून हा लेख लिहितो आहोत.

माहूर तालुक्यातल्याच एका गावची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या गावाला हसायचं नाही. उद्या आपल्याही गावात हेच होईल. त्या गावात बावीस घरांचे वनजमिनीचे दावे भरले होते. वनहक्क समितीचा सचिव आपल्याच युवक मंडळातला, बारावी शिकलेला, धावपळ करणारा. दाव्यांच्या नकला, पोचपावत्या, जुन्या दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, मोजणीचे नकाशे, सगळं त्याच्या घरी. पत्रव्यवहाराला पत्ताही त्याचाच. लग्न झालं, लेकरू झालं, घरात खायला कमी पडायला लागलं. पुण्याकडच्या एका कंपनीत काम लागलं आणि तो बायको-लेकरू घेऊन गेला. त्याने कोणाला फसवलं नाही. जाताना चावडीवर सगळ्यांच्या पाया पडून गेला.

पुढं पाच महिन्यांनी कळलं की बावीसही दावे नामंजूर झाले आहेत. नामंजुरीचं पत्र त्याच्या घरी आलं होतं. त्याच्या आईने ते घेतलं. तिला वाचता येत नाही. सरकारी शिक्का पाहून तिला वाटलं, पोराच्या नोकरीचा कागद असेल. तिने तो पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत, जपून ठेवला. हरवला नाही, भिजला नाही, उंदराने खाल्ला नाही. पोरगा घरी येईल तेव्हा देऊ, म्हणून ती माउली वाट पाहत बसली.

नामंजुरीवर अपील करायला साठ दिवस असतात. समितीच्या मर्जीने वाढवून मिळाले तर आणखी तीस. पाच महिन्यांनी काय करणार? आज ती बावीस घरं मुदत काहून हुकली याचा खुलासा घेऊन ऑफिसचे उंबरे झिजवत आहेत.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे दावा नामंजूर झाला तर ते प्रत्येक दावेदाराला स्वतःला कळवायला पाहिजे. एका माणसाच्या घरी एक पाकीट टाकून ऑफिस मोकळं होत नाही. ती ऑफिसची चूक आहे आणि त्यावर आपण भांडणारच आहोत. पण ऑफिसला बोलताना आपला हात छातीवर ठेवून बोलावं लागेल. बावीस घरांचा जीव एका घरातल्या पेटीत आपणच ठेवला होता.

गेलेल्याला गद्दार म्हणू नका

हे कळल्यावर गावात पहिली बोंब झाली ती त्या पोराच्या नावाने. "संघटना सोडून पळाला, पैशाला विकला गेला." आमच्यातल्याही काहींनी तसंच म्हटलं. आम्ही ते मागे घेतो.

कोण कोण जातं ते बघा. कोणी पोलीस भरतीत लागतं. कोणी वनरक्षक होतं. कोणी डी.एड.ला जातं. कोणी दिवाळीनंतर कापूस वेचायला तेलंगणात जातं, कोणी ऊस तोडायला. पोरींची लग्नं होतात. कोणाचा बाप आजारी पडतो आणि सगळं घर त्याच्या डोक्यावर येतं. आपल्या संघटनेत मानधन नाही. बैठकीला यायचं तर एस.टी.चं भाडं खिशातलं, त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. अशा संघटनेत माणूस चार वर्षं टिकला तर त्याचे उपकार मानायचे, की पाचव्या वर्षी गेला म्हणून शिव्या द्यायच्या?

विशी-पंचविशीतलं पोरगं आज इथं आहे, उद्या नसणार. ज्या संघटनेत तरुण आहेत तिथं माणसं बदलणारच. नदीला पाणी वाहतं म्हणून कोणी नदीवर रागावतं का? पैनगंगेचं पाणी पुढं जाणारच आहे. आपण आपल्या वावरासाठी किती अडवलं, एवढंच आपल्या हातात आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं : जाणं हा गुन्हा नाही. हिशेब, कागद आणि माहिती न देता जाणं हा गुन्हा आहे. आणि मागितलीच नाही म्हणून दिली नाही, तर तो गुन्हा मागे राहिलेल्या सगळ्यांचा आहे.

"पोरांवर भरवसा नाही" म्हणणाऱ्यांना

दुसरी बोंब उलट्या बाजूने येते. आपल्यातलेच काही जाणते लोक म्हणतात, "आम्ही सांगत होतो. पोरं टिकत नाहीत. जो दहा-पंधरा वर्षांपासून आहे त्याच्याच हाती सगळं ठेवा."

जाणत्यांबद्दल आमच्या मनात आदर आहे. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, केस अंगावर घेतल्या, जंगलखात्याने बैल-औत जप्त केले तरी वावर सोडलं नाही. आज आपण वनहक्काचं बोलतो ते त्यांच्या जिवावर. पण हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे.

एकाच माणसाच्या हाती पंधरा वर्षं सगळं राहिलं की काय होतं, तेही आपण पाहतो. प्रत्येक अर्जावर त्याचीच सही. प्रत्येक पत्रावर त्याचाच फोन नंबर. दादा आले नाहीत तर बैठक होत नाही. दादा बोलले नाहीत तर ठराव होत नाही. दादांना ताप आला तर मोर्चा पुढं ढकला. दादांनाही त्याचा त्रास होतो, पण कोणाला पुढं करायचं म्हटलं की तेच म्हणतात, "अजून त्याला समजत नाही." समजणार कसं? त्याला कधी तहसीलमध्ये एकट्याला पाठवलं का? साहेबासमोर बोलायला लावलं का? पाण्यात न उतरवता पोहायला येत नाही म्हणता!

आणि साहेब लोकांना हेच पाहिजे असतं. सगळं गाव समोर बसलं तर त्यांना घाम फुटतो. एक पुढारी असला की सोपं जातं. त्याला खुर्ची द्या, चहा पाजा, कधी धमकी द्या, कधी ठेका द्या, कधी पक्षाचं तिकीट दाखवा. एक माणूस फोडला की गाव फुटलं. ज्या गावात वीस जणांना फाईल समजते, तिथं साहेब कोणाकोणाला चहा पाजणार?

साहेबांकडूनच एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपण ज्यांच्याशी भांडतो त्या ऑफिसातला माणूस दर तीन वर्षांनी बदलतो. राज्याचा बदल्यांचा कायदाच २००५ चा आहे. साहेब बदलून जातो, पण जाताना चार्ज देऊन जातो. कपाटाची किल्ली, फाईलींची यादी, शिल्लक पैसे, सगळ्यावर देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. नवा साहेब आपलं गाव कुठं आहे हे ओळखत नाही, पण कपाट उघडतो आणि तुमच्या आज्यावर कोणत्या साली केस केली होती ते वाचून दाखवतो. साहेब जातो, कपाट तिथंच राहतं. आपल्याकडं माणूस गेला की त्याच्याबरोबर कपाटही जातं. मग सरकारपुढं आपण दरवेळी पहिलीपासून शाळा सुरू करतो.

आपल्या मागच्या लढ्यांनी काय शिकवलं

किनवट-माहूरचा हा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात होता. त्याच जिल्ह्यात कोमराम भीम लढले. जल, जंगल, जमिनीवर आपला हक्क सांगत निजामाच्या अंमलाविरुद्ध उभे राहिले. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि त्यांचे साथीदार मारले गेले. त्या बंडाने निजाम सरकार हादरलं. हैमेंडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला त्यांनी गोंडांची परिस्थिती बघायला पाठवलं. त्यांच्या अहवालानंतर शाळा निघाल्या, मारलावाईला गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं, पुष्कळ गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले.

पुढं काय झालं? राज्य बदललं, ते अधिकारी गेले, बाहेरून लोक येऊन वसले आणि पट्टा मिळालेल्या कितीतरी जमिनी गोंडांच्या हातून गेल्या. कर्जात गेल्या, अंगठ्यावर गेल्या, खोट्या कागदावर गेल्या. हैमेंडॉर्फ यांनीच पुढं १९८२ च्या पुस्तकात हे दुःखाने लिहून ठेवलं आहे. आम्ही यातून असा अर्थ घेतो : भला माणूस वर बसला म्हणून मिळालेला हक्क तो माणूस गेल्यावर धोक्यात येतो. कागद वाचणारे, सांभाळणारे आणि त्यावर भांडणारे गावोगाव असतील, तरच हक्क टिकतो.

दुसरं उदाहरण शहाद्याचं. आजच्या नंदुरबार जिल्ह्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. तिथं भिल्ल समाजातले अंबरसिंग सुरतवंती हे मोठे नेते होते. लोक त्यांना महाराज म्हणायचे. १९७४ साली ते वारले. संघटना दोन वर्षांची आणि नेता गेला. एका माणसावर उभी असती तर त्याच दिवशी संपली असती. संपली नाही, कारण गावागावात तरुण मंडळं होती, शिबिरं होत होती, बाया स्वतः पुढं येऊन दारूच्या गुत्त्यांवर चालून जात होत्या. दुःख मोठं होतं, पण काम कोणी करायचं हा प्रश्न पडला नाही.

तिसरं उदाहरण बिहारचं. जयप्रकाश नारायण यांनी १९७५ मध्ये छात्र युवा संघर्ष वाहिनी काढली. तिचा नियम होता की वयाची तीस वर्षं झाली की वाहिनीतून बाहेर. कितीही मोठा कार्यकर्ता असो. त्यामुळं पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असायचं की आपल्याला जागा सोडायची आहे, आपल्या मागचा तयार केला पाहिजे. ह्याच वाहिनीने १९७८ पासून बोधगयेच्या मठाच्या जमिनीसाठी भूमिहीनांबरोबर लढा दिला आणि तिथं बायांच्या नावावर जमिनी झाल्या. जयप्रकाशजी १९७९ साली वारले तरी लढा चालू राहिला. तीस ओलांडलेल्यांनीही काम टाकलं नाही. त्यांनी पुढं जनमुक्ती संघर्ष वाहिनी काढली. तीसचाच नियम आपण घ्यावा असं आम्ही म्हणत नाही. पण जागा सोडायची तारीख आधी ठरलेली असावी, हे घ्यावंच.

आणि आपल्याच राज्यातलं मेंढा-लेखा. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं लहानसं गोंड गाव. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. देवाजी तोफा यांचं नाव सगळे ऐकून आहेत. पण त्या गावाची ताकद नुसती देवाजींच्या बोलण्यात नाही. तिथं निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. अभ्यास गट आहे, त्यात कायदा वाचतात, एकमेकांना समजावून सांगतात. सगळ्यांना पटलेला निर्णय सगळ्यांना पाठ असतो. मग एक जण गेला तरी निर्णय जात नाही.

आणि लांब काहून जायचं? आपली दंडार बघा. दिवाळीत दंडार निघते तेव्हा ढोल वाजवणारा म्हातारा झाला म्हणून दंडार थांबली असं कधी झालं का? त्याच्या शेजारी त्याचा पुतण्या दोन वर्षं नुसता उभा राहून हात बघतो. तिसऱ्या वर्षी ढोल त्याच्या गळ्यात येतो. ढोल गावाचा, वाजवणारा बदलतो. नाचगाण्यात जे आपल्याला आपसूक येतं ते संघटनेत काहून येत नाही?

सासरी गेलेल्या पोरी

आता ज्या गोष्टीवर आपल्या बैठकीत कोणी तोंड उघडत नाही ती.

युवक मंडळात पोरी येतात. शिकतात, नकाशा वाचतात, बायांची सभा घेतात. मग लग्न होतं. पोरगी दुसऱ्या गावी जाते. त्या दिवशी आपण रजिस्टरमध्ये तिच्या नावावर काट मारतो. जणू काही ती मेली! चार वर्षं तिला शिकवलं ते फुकट. आणि ती ज्या गावात गेली तिथं तिला कोणी विचारतही नाही की बाई, तू माहेरी काय करत होतीस. तिथल्या मंडळाला वाटतं, नवी सून आहे, ती काय बोलणार.

एक ताई लग्न होऊन पैनगंगेच्या पलीकडं गेली. माहेरी असताना तिने चाळीस दावे स्वतः लिहिले होते. सासरच्या गावात दावे भरायला शंभर-शंभर रुपये घेणारा एक बाहेरचा माणूस बसला होता. ती घरात भाकरी थापत होती आणि सासरा त्या माणसाला पैसे देऊन आला. तिने आम्हाला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. आम्हाला हसू आलं नाही.

कायदा काय म्हणतो? वनहक्क समितीत दहा ते पंधरा जण, त्यात एक तृतीयांशाहून कमी बाया चालणार नाहीत. ग्रामसभेच्या हजेरीतही एक तृतीयांश बाया पाहिजेत. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. आणि आपण काय करतो? समितीच्या यादीत बायांची नावं घालतो, सह्या घरी जाऊन घेतो. शिकलेली सून घरात असताना बाहेरच्याला पैसे देतो.

म्हणून आमची मागणी आहे : सभासद गाव बदलला की त्याचं नाव कापू नका, बदलून द्या. मंडळाने एक चिठ्ठी लिहून द्यावी की ही आपली सभासद आहे, इतकी वर्षं हे हे काम केलं आहे, हिला तुमच्या मंडळात घ्या. दोघांच्या सह्या करा. आणि नव्या गावाच्या मंडळाने पहिल्याच बैठकीला तिला घरी जाऊन बोलवावं. सासू-सासऱ्यांशी आपल्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने बोलावं, पोरांनी नाही. हीच चिठ्ठी कामाला बाहेर गेलेल्याला, आश्रमशाळेतून दुसऱ्या गावी शिकायला गेलेल्याला. शहरात गेलेला पोरगा कामाचा नाही असं कोण म्हणालं? नाशिकला चार पोरं असतील तर आयुक्तालयात जाऊन एका कागदाची चौकशी करायला आपल्याला इथून दोन दिवस मोडावे लागणार नाहीत.

पद मिळालं, नोकरी लागली, मग?

आपल्यातला कोणी सरपंच झाला तर आनंद आहे. कोणी संस्थेत पगारावर लागला तर त्याचं घर चालतं. कोणी वनरक्षक झाला तर त्याच्या अंगावर जंगलखात्याचा गणवेश आला म्हणून तो आपला भाऊ नाही असं होत नाही. पण त्या दिवशी त्याने संघटनेचं पद सोडलं पाहिजे. सरपंचाला सरकारशी जुळवून घ्यावं लागतं. पगारदाराला पगार देणाऱ्याचं ऐकावं लागतं. वनरक्षकाला साहेबाचा हुकूम मानावा लागतो. अशा माणसाला एकाच वेळी दोन्हीकडं उभं करणं त्याच्यावरही अन्याय आहे. सभासद राहा, सल्ला द्या, वर्गणी द्या. सही आणि शिक्का दुसऱ्याकडं द्या.

आम्ही काय मागतो

पुढच्या बैठकीत प्रत्येक गावाने यावर बोलून ठराव करावा :

१. प्रत्येक कामाला दोन माणसं. एक करणारा, एक शेजारी उभा राहून शिकणारा. त्यातली एक बाई असावी. तहसीलला, प्रकल्प कार्यालयाला एकट्याने जायचं नाही.

२. पदाची मुदत दोन वर्षं. फार झालं तर आणखी एकदा. त्यानंतर पद सोडायचं, संघटना नाही. माजी पदाधिकाऱ्याने शिकवायचं.

३. दप्तर कोणाच्या घरात नाही. गावाची एक लोखंडी पेटी, ग्रामसभेने ठरवलेल्या जागी. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन वेगळ्या घरांत. त्यातली एक किल्ली बाईकडं.

४. प्रत्येक दाव्याची एक नक्कल दावेदाराच्या स्वतःच्या घरी, एक गावाच्या पेटीत, एक तालुक्याच्या मंडळाकडं. पोचपावतीशिवाय कागद द्यायचा नाही.

५. आलेलं प्रत्येक सरकारी पत्र आठ दिवसांच्या आत चावडीवर मोठ्याने वाचायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला कळेल अशा बोलीत. गोंडी, कोलामी, जी असेल ती. पत्र आल्याची तारीख वहीत लिहायची, आणि अपिलाची शेवटची तारीख भिंतीवर.

६. जाणाऱ्याने ग्रामसभेसमोर चार्ज द्यायचा. कागदांची यादी, पैशाचा हिशेब, कोणतं काम कुठवर आलं आहे, कोणत्या ऑफिसात कोणाला भेटायचं. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. मग त्याला नारळ देऊन, हार घालून निरोप द्यायचा. गुपचूप जाऊ द्यायचं नाही आणि शिव्या देऊनही नाही.

७. गाव बदलणाऱ्या सभासदाला बदलीची चिठ्ठी.

कोणी म्हणेल, "इतके नियम केले तर हेही एक ऑफिसच होईल. आपण भावा-भावासारखे आहोत, सह्या-शिक्के कशाला?" आम्ही विचारतो, भावा-भावांत वावराची वाटणी करताना दगड रोवता की नाही? रोवता, म्हणून भाऊ भाऊ राहतात. लिहिलेलं असलं की संशय राहत नाही. पैशावरून आपल्या किती गावांत मंडळं फुटली ते आठवा. त्यातले बहुतेक चोर नव्हते, त्यांनी फक्त वही ठेवली नव्हती.

कोणी म्हणेल, "कोलामपोडावर नाईक आहे, महाजन आहे, त्यांचं घराणं आहे. त्यांना बाजूला करायचं का?" नाही. नाईक, महाजन, पाटील यांचा मान चावडीवर जसा आहे तसाच राहील. पण ते सुद्धा चार माणसांना विचारल्याशिवाय निवाडा करत नव्हते. दप्तर ही नवी गोष्ट आहे, मानाची नाही, कामाची आहे. मान घराण्यात राहू द्या, काम सगळ्यांत वाटा.

आणि कोणी म्हणेल, "एकदा पट्टा मिळाला की संघटनेचं काय काम?" पट्टा हा शेवट नाही. सामूहिक हक्क मिळाला की जंगल राखायची समिती ग्रामसभेलाच करायची आहे. तेंदूपत्ता, मोह, बांबू, डिंक, चारोळी, त्याचा हिशेब, वाहतुकीचा पास, आग विझवणं, चोरटी तोड थांबवणं. हे पाच वर्षांचं काम नाही, नातवापर्यंतचं आहे. नातवापर्यंत कोणता एक नेता पुरणार?

आता आमच्याबद्दल. हे लिहिणाऱ्या आम्हा पाच जणांपैकी तिघांना पदावर तीन वर्षं होऊन गेली आहेत. दुसऱ्यांना नियम सांगायचा आणि आपण खुर्ची धरून बसायचं, असं आम्ही करणार नाही. येत्या तालुका बैठकीत आम्ही तिघं पद सोडतो आहोत. दप्तराची यादी तयार आहे. यादी करताना आम्हालाच घाम फुटला. एका गावाच्या ठरावाची मूळ प्रत आमच्याकडं सापडत नाही. ती शोधतो आहोत, नाही सापडली तर बैठकीत उभं राहून सांगू. यंत्र चालवायला दोन पोरं आणि एक पोरगी शिकली आहेत. हा अंक त्यांनीच छापला आहे. काळे डाग दिसले तर सांभाळून घ्या.

ही बैठक नवरात्राच्या आधीच घ्यावी लागेल. नवरात्रात माहूरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि दिवाळी झाली की अर्धं गाव कामाला बाहेर पडेल. जे बाहेर पडणार आहेत त्यांनी जाण्याआधी चार्ज द्यावा. लोखंडी पेटीला वर्गणी काढा. पेटी मिळेपर्यंत धान्याची कोठी चालेल, पण घर ग्रामसभेने ठरवलेलं पाहिजे.

त्या गावच्या बावीस दाव्यांचं अपील पुन्हा दाखल करायला आपण सगळे जाणार आहोत. त्या पोराने पुण्याहून फोन केला होता. रडत होता. आम्ही त्याला म्हटलं, रडू नको, सुट्टी काढून ये, ग्रामसभेत बस आणि कोणता कागद कुठं आहे ते सगळ्यांना सांग. तो येतो म्हणाला. त्या गावाने पेटीची एक किल्ली त्याच्या आईकडं द्यायचं ठरवलं आहे. पाच महिने तिने कागद जसाच्या तसा जपला. तिला फक्त कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

जल, जंगल, जमीन आमची, दप्तरही आमचं!

जोहार. जय सेवा.

— युवक मंडळाच्या कार्यकर्त्यांतर्फे